ससाणीचे कान

त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे ससाणी म्हणत. नाव मुकादमानं ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. एका दुपारी रोलरच्या खोलीच्या दारातून त्यानं तिला हाकांवर हाका मारल्या. तिनं मान वर केली नाही, तेव्हा तो वैतागून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ही बहिरी ससाणी आज ऐकणार आहे का?" बायका फिदीफिदी हसल्या. सुट्टी झाल्यावर त्यांच्यातल्याच एकीनं तिला ते सांगितलं.

"बहिरी ससाणा म्हणजे तोच ना, वरून झेप घालून भक्ष्य उचलून नेणारा?" तिनं विचारलं.

"तोच."

"मग चालेल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुकादमाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "ससाणी आली. काल काय काम होतं तुमचं?"

तेव्हापासून ते नाव तिला चिकटलं. अंगानं उंच, खांद्यानं रुंद, आवाज असा की भिंतीपलीकडच्यानं दचकावं. मुकादमाला तिचा राग येई तो एकाच गोष्टीचा. सकाळी ही बाई कोपऱ्यात कुजबुजलेलंही ऐकायची आणि त्यावर उलट उत्तरही द्यायची. दुपारी मात्र हिच्या कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म. मुकादमाच्या मते हे सोयीचं बहिरेपण होतं. असं मानणारा तो पहिलाच नव्हता.

लहानपणी ताप आला की तिच्या भोवतीचं सगळं घर मुकं व्हायचं. आई औषधाचा चमचा घेऊन समोर बसलेली असायची, ओठ हलत असायचे, आणि आवाज म्हणून काही नसायचा. ती विचारायची, "काय?" आई पुन्हा सांगायची. ती पुन्हा, "काय?" आई घरी शिवणकाम करायची, डोक्यावर कामाचा ढीग असायचा. तिसऱ्या "काय"ला पाठीत धपाटा बसायचा. ताप उतरला की कान परत यायचे, जणू कधी गेलेच नव्हते. आईला वाटायचं पोरगी आजारपणात लाडावते. शाळेत कान तपासायला माणसं आली, त्या दिवशी तिला ताप नव्हता. कान उत्तम, असा शेरा मिळाला. त्यानंतर बाईंना रान मोकळंच सापडलं. कान उत्तम आणि तरी ऐकत नाही म्हणजे पोरगी उद्धट, दुसरं काय?

एकदा शाळेत पळण्याच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. शर्यत संपल्याची शिट्टी वाजली, बाकीच्या मुली थांबल्या, ही आपली धावतेच आहे. मैदानाला आणखी एक फेरी घातली. कडेला उभी असलेली पोरं हात हलवत होती, तोंडं वासून ओरडत होती. तिला वाटलं आपल्याला शाबासकी देताहेत. जवळ गेल्यावर कळलं, हसताहेत. तिनं तिथंच उभं राहून एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि सगळ्यांची तोंडं मिटेपर्यंत हलली नाही.

तिच्या पाठचा भाऊ स्वभावानं तिच्या अगदी उलटा. त्यालाही ताप यायचा, पण तो कधी "काय?" म्हणायचा नाही. गोड हसायचा, मान डोलवायचा. सगळे म्हणायचे, किती गुणी पोर, आजारातसुद्धा त्रास देत नाही. तिला तो तेव्हा बुळा वाटायचा. मोठेपणी त्यानं शीतगृहात नोकरी धरली. फळांच्या पेट्यांच्या राशीत दिवसभर स्वेटर घालून हिंडायचं. चांगली उबदार कचेरीतली जागा चालून आली होती, ती त्यानं नाकारली. का, ते कुणाला कळलं नाही. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, "मला गारवा मानवतो." तिनंही पुढे खोदून विचारलं नाही.

ती मात्र आगीशीच जाऊन बसली. धुलाईघरात सगळ्यात जास्त पगार रोलरवर होता, आणि ताकदही तिथंच लागायची. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेला तो तापलेला रोलर. एका बाजूनं दोघी जणी ओल्या चादरी ताणून आत सोडायच्या, दुसऱ्या बाजूनं कोरड्या, कडक चादरी बाहेर यायच्या आणि तिथल्या दोघी त्यांच्या घड्या घालायच्या. वाफ छतापर्यंत. ओल्या चादरी उचलून उचलून तासाभरात अंग भाजून निघायचं. मग सोबतिणींचे आवाज लांब गेल्यासारखे व्हायचे, आणखी थोड्या वेळानं नुसते ओठ उरायचे. तिनं ठरवूनच टाकलं होतं की कानात वाफ शिरते. म्हणून ती कापसाचे बोळे घालायची. बोळ्यांनी काडीचा फरक पडत नव्हता, पण आपली समजूत सोडेल तर ती ससाणी कसली.

मग तो दिवस आला.

घडीच्या बाजूला एक नवी लग्न झालेली मुलगी होती. हसरी, कामाला चपळ, ससाणीची लाडकी. चादरीची कड तिच्या हाताला गुंडाळली गेली आणि बोटं रोलरकडे ओढली जाऊ लागली. ती किंचाळली. यंत्र थांबवायची दोरी ओल्या बाजूला होती, ससाणीच्या हाताच्या अंतरावर. तिच्या जोडीची बाई नवा गाडा आणायला गेली होती, घडीवरची दुसरी त्या मुलीचा हात मागे ओढत होती. ससाणी पाठमोरी होती, गाड्यातून पुढची चादर उपसत होती. किंकाळीवर किंकाळी फुटली, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. कपडे वाळवायच्या खोलीतून एक बाई धावत आली, तिनं दोरी ओढली. तोवर घडीवाल्या मुलीची बोटं चांगलीच भाजली होती.

ससाणीनं चादर घेऊन मागं वळून पाहिलं तेव्हा रोलर थांबलेला होता, मुलगी जमिनीवर बसली होती आणि सगळ्या जणी तिच्याकडे नाही, ससाणीकडे पाहत होत्या. ती नजर तिला पुढे कधी विसरता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. मुकादम बाजूलाच उभा होता. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही म्हणता ऐकू आलं नाही. वरच्या मजल्यावर आपलाच कानाचा विभाग आहे. जा, तपासून या."

कानाच्या विभागात एक ऑडिओलॉजिस्ट बाई होती. वयानं ससाणीच्या निम्मी असेल. तिनं ससाणीला जाड भिंतींच्या गार खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला. बारीक आवाज आले की बटण दाबायचं. ससाणीनं सगळे आवाज टिपले. मग कानात एक छोटं बूच घातलं, त्यातून कानाचा पडसाद यंत्रावर दिसतो म्हणे, तोही ठणठणीत. फक्त मागे गोंगाट लावून शब्द ओळखायला सांगितले तेव्हा ती अडखळली. बाईच्या कपाळाला आठी पडली, पण अहवालात लिहायचं तेच लिहिलं गेलं. कान चांगले.

मॅनेजरनं तो कागद टेबलावर सरकवला. "आता काय म्हणणं आहे?"

"म्हणणं तेच. तुमच्या गार खोलीत मला सगळं ऐकू येतं. मला रोलरवरून थेट उचलून तिथं न्या, मग बघा."

"म्हणजे तुमचे कान खोलीप्रमाणे बदलतात?" मुकादम हसला.

"हो," ती म्हणाली. "बदलतात."

मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, उगाच ताणू नका. लक्ष नव्हतं, चूक झाली, एवढं कबूल करा. मी तुम्हाला शिलाईच्या खोलीत हलवतो. प्रकरण इथंच मिटेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती पोर माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे. मला ऐकू आलं असतं तर मी हात घालून तिला ओढून काढली असती. जे झालं नाही ते झालं म्हणून मी सांगणार नाही."

"मग निर्णय होईपर्यंत घरी बसा."

"बसेन. पण घरी नाही."

आणि खरोखरच ती घरी बसली नाही. रोज कामाच्या वेळेला यायची आणि मॅनेजरच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय ससाणी, इथं कशी?" ती मोठ्यानं सांगायची, "माझे कान तापल्यावर तपासा म्हणतेय, तपासत नाहीत." तिचा आवाज असा की बंद दारातून आत जायचाच. शिपाई दोनदा सांगून गेला, हळू बोला. ती म्हणाली, "मला हळू बोललेलं जमत नाही."

घरी आईनंही तोंड सोडलं. "लहानपणापासून तुझं हेच. कधी कुणाचं ऐकलं आहेस? कबूल करून टाक आणि मोकळी हो."

"आई, तूच सांग. मला ताप आला की ऐकू यायचं का?"

"तू सोंग करायचीस."

"बरं," ती म्हणाली, आणि ताटावरून उठली.

बाकावरच्या त्या दिवसांत एकदा ती ऑडिओलॉजिस्ट तिथून चालली होती. ती थांबली, शेजारी येऊन बसली. ससाणी मनात तिला कानवाली म्हणायची. कानवाली म्हणाली, "गोंगाटातले शब्द तुम्हाला ओळखता आले नाहीत, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. बाकी सगळं चांगलं असताना असं व्हायला नको. हे कधीपासून होतं?"

"पहिल्यापासून. पण तुम्ही कान चांगले असं लिहून मोकळ्या झालात."

कानवाली म्हणाली, "झाले. म्हणूनच विचारतेय."

ससाणीनं मग सगळं सांगितलं. वाफेचं, बोळ्यांचं, धावण्याच्या शर्यतीचं. तापाचं सांगायला लागली तशी कानवाली ताठ बसली.

"थांबा, थांबा. ताप आला की जातं, आणि उतरला की पूर्ण परत येतं?"

"पूर्ण."

"वाफ सोडा. वाफेचा काही संबंध नाही." ती उठलीच. "उद्या या. जाड कपडे घालून या."

दुसऱ्या दिवशी कानवालीनं व्यायामाची सायकल कुठूनशी मागून आणली होती, खोलीत हीटर लावला होता. ससाणी स्वेटरवर स्वेटर चढवून सायकलवर बसली आणि पायडल मारू लागली. घामाच्या धारा लागल्या. कानवाली मधूनमधून तिच्या तोंडात थर्मामीटर धरायची आणि पाठीमागून शब्द उच्चारायची. ससाणी ते म्हणून दाखवायची. "पाणी." "खिडकी." "रस्ता." मग एक शब्द चुकला. मग आणखी एक. शेवटी ती नुसतीच पायडल मारत राहिली. कानवाली तिच्या पाठीशी उभी राहून तिचं नाव घेत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

लगोलग तिला आडवं केलं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. कानातल्या बुचाचा पडसाद पहिल्यासारखाच ठणठणीत होता. पण कानाकडून मेंदूकडे नसेतून जाणाऱ्या निरोपाची जी रेघ पडद्यावर उमटायला हवी, ती सपाट होती. कानवालीनं पडदा तिच्याकडे वळवला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. ससाणी जीव खाऊन ओरडली, "काय आहे ते?" बाहेर रांगेत बसलेले लोक उठून उभे राहिले.

अंग निवल्यावर, कान परत आल्यावर, कानवालीनं समजावलं. "तुमच्या कानाचा पुढचा भाग उत्तम आहे. कानाच्या आत बारीक पेशी असतात. आवाज आला की त्यांच्यात कॅल्शियम शिरतं. तिथं एक प्रथिन वाट पाहत बसलेलं असतं. त्यानं कॅल्शियम पकडलं की पेशी नसेकडे निरोप सोडते, आणि मग आपल्याला ऐकू येतं. तुमचं ते प्रथिन बहुतेक जन्मतःच थोडं कच्चं आहे. अंग थंड असलं की काम करतं. तापलं की त्याचा आकार बिघडतो, आणि निरोप पेशीतच अडकून राहतो."

"कॅल्शियम म्हणजे हाडांचं ना?"

"फक्त हाडांचं नाही. हृदयाचा ठोका, हाताची मूठ, मेंदूतला विचार, सगळीकडे कॅल्शियम इशारा देतं, आणि तो इशारा झेलायला ठिकठिकाणी वेगवेगळी प्रथिनं असतात. काही त्याला धरून साठवतात, काही धरलं की कामाला लागतात. तुमचं फक्त कानातलं एक हुकतंय."

"म्हणजे मी दूध जास्त प्यायचं?"

कानवाली हसली. "टँकर प्यायलात तरी उपयोग नाही. कॅल्शियम भरपूर आहे. झेलणारा हात तापात घसरतो."

ससाणीनं एकदा कानाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "मला वाटायचं वाफ." आणि तिचे डोळे भरून आले, ते तिनं स्वेटरच्या बाहीनं रागारागानं पुसले.

नक्की करायला रक्ताची तपासणी हवी होती. असं बिघडलेलं प्रथिन आईवडील दोघांकडून येतं, भावंडांतही असू शकतं, असं कानवाली म्हणाली. तेव्हा ससाणीच्या डोळ्यांपुढे मान डोलवणारा भाऊ उभा राहिला.

ती थेट शीतगृहात गेली. तो पेट्यांमध्ये उभा होता, तोंडातून वाफ निघत होती.

"तुलाही होतं ना?" तिनं विचारलं. "ताप आला की?"

तो हसला, मान डोलवली.

"ते मान डोलवणं बंद कर. तोंडानं सांग."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हो. होतं. उन्हात जास्त चाललो तरी होतं. बायकोलासुद्धा माहीत नाही. ताई, माझं बरं चाललंय. मला नको त्यात ओढूस."

"मी मार खाल्ला तेव्हा तू बघत होतास."

"मला वाटलं, बोललो तर मलाही बसेल."

तिला त्याला दोन शिव्या हासडाव्याशा वाटल्या. पण त्याच्या थंडीनं फुटलेल्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. या माणसानं सगळं आयुष्य गारठ्यात काढलं होतं, फक्त कुणाला "काय?" विचारावं लागू नये म्हणून. ती एवढंच म्हणाली, "मी उद्या सकाळी रक्त द्यायला जाणार आहे. तू आलास तर ये."

तो आला. बायकोलाही घेऊन आला. दोघांच्या रक्तात तोच दोष निघाला.

तो अहवाल हाती आल्यावर मॅनेजरनं वेगळाच सूर लावला. "मग तर प्रश्नच मिटला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना यंत्रावर ठेवता येत नाही. आम्हाला तुम्हाला सोडावं लागेल."

"वा रे वा," ससाणी म्हणाली. "कान चांगले होते तेव्हा मी खोटारडी होते म्हणून बाहेर. आता खरी निघाले, तर कान वाईट म्हणून बाहेर. तुम्हाला काहीही करून मला बाहेरच काढायचंय. का?"

मुकादमानं मान खाली घातली. तेवढ्यात दारात भाजलेल्या हाताला पट्टी बांधलेली ती घडीवाली मुलगी येऊन उभी राहिली. तिला कुणीही बोलावलं नव्हतं. 

"मी आधी बटण दाबलं होतं," ती म्हणाली. "आमच्या बाजूचं थांबवायचं बटण. ते चाललंच नाही. ते किती दिवस बंदच आहे. मुकादमांना सगळ्या जणींनी सांगितलं होतं. ते म्हणाले, ओरडा, ससाणी दोरी ओढेल."

 मॅनेजरनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम खिडकीकडे पाहू लागला.

ससाणी घडीवालीकडे गेली, तिचा चांगला हात हातात घेतला. "मला ऐकू आलं नाही गं."

"ठाऊक आहे मला," मुलगी म्हणाली. "तुम्ही ऐकून नुसत्या उभ्या राहणाऱ्या नाही."

पुढे रीतसर चौकशी झाली, भांडणंही झाली. ससाणीला हवं होतं ते सगळं मिळालं असं नाही. मुकादमानं माफी मागितली नाही, त्याची फक्त दुसऱ्या पाळीला बदली झाली. पण घडीच्या बाजूचं बटण दुरुस्त झालं, आणि दोन्ही बाजूंना लाल दिवे बसले. बटण दाबलं की यंत्र थांबतं आणि दिवे गरगर फिरू लागतात, भिंती लाल होतात. छताला वाफ ओढून घेणारा पंखा लागला. तिला शिलाईच्या खोलीत जा म्हणून पुन्हा सांगण्यात आलं. ती रोलरवरच राहिली. मधल्या वेळात अंग निववायला बाहेर बसण्याची मुभा तिनं भांडून मिळवली, आणि ती तिच्या एकटीपुरती नाही, रोलरवरच्या सगळ्या जणींसाठी.

आईला तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. पेशी, कॅल्शियम, झेलणारं प्रथिन. आई शिवणयंत्राचं चाक हातानं धरून बसली होती. ती म्हणाली, "मग मी तुला मारायची, ते उगाचच."

"उगाचच," ससाणी म्हणाली. आईला बरं वाटावं म्हणून तिनं ते गिळलं नाही.

आई पुन्हा यंत्राकडे वळली. दोरा तुटला होता, तो तिला ओवता येईना. ससाणीनं दोऱ्याचं टोक हातात घेतलं, यंत्राच्या सुईत ओवून दिलं आणि जेवायला वाढायला उठली.

आता रोलरवर कुणी नवी बाई आली की पहिल्या दिवशी ससाणीच तिला काम शिकवते. चादर कशी ताणायची, बोटं कुठे ठेवायची, बटण कुठे आहे. आणि शेवटी स्वतःबद्दल सांगते, त्या आवाजात, जो वाळवायच्या खोलीपर्यंत जातो:

"मी घामानं भिजलेली दिसले की हाका मारत बसू नकोस, पुढ्यात येऊन उभी राहा. आणि मी नाही म्हटलं, तर ते ऐकू आलं नाही म्हणून नाही म्हटलं असं समजू नकोस."